तुम्ही मूळचे कुठले?



मी वक्ता नाही. सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. दिवसभर स्क्रीनसमोर बसणारा माणूस मीटिंगमध्ये 'माझा आवाज येतोय का?' एवढंच मोठ्याने बोलतो. त्यामुळे सुरुवात भाषणाने करत नाही, हात वर करायला सांगून करतो.

ताजमहाल कोणी कोणी पाहिलाय? बरेच आहेत. हैदराबादचा चारमिनार? तेही बरेच. मुंबईची हाजी अली? जवळजवळ सगळेच. आता आपल्या नागपूरचं सांगा. सीताबर्डीच्या किल्ल्याच्या आत कोण गेलंय? चार हात. शाळेची सहल सोडून अजब बंगल्यात पुन्हा कोण गेलं? दोन. महालात गांधी गेटपाशी उभं राहून, मान वर करून तो दरवाजा कोणी नीट पाहिलाय? एक. तोही जरा घाबरत वर आलेला हात आहे.

लाजू नका. वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत माझाही हात खालीच असता.

मी मोमिनपुऱ्यात वाढलो. इंजिनीअरिंग नागपुरात केलं, मग काही वर्षं पुण्यात नोकरी आणि नंतर परत इथे. पुण्यातला एक सहकारी एकदा कामासाठी नागपुरात आला होता. मला म्हणाला, "चल, तुझं शहर दाखव." मी त्याला सकाळी तर्री पोहे खाऊ घातले, दुपारी मॉलमध्ये नेलं, संध्याकाळी फुटाळ्यावर बसवलं आणि संत्रा बर्फीचा डबा हातात दिला. माझं शहर तिथे संपलं. रात्री तो फोनवर काहीतरी वाचत होता. सहज म्हणाला, "अरे, नागपूर वसवणाऱ्या राजाचं नाव बख्त बुलंद शाह होतं. हा गोंड होता की मुसलमान?"

मला माहीत नव्हतं. त्याच्या नावाचा पुतळा सिव्हिल लाइन्समध्ये आहे आणि मी त्याच्या बाजूने शेकडो वेळा गाडी काढली असेल. मी म्हटलं, "बघून सांगतो." सॉफ्टवेअरवाल्यांचं हे ठरलेलं उत्तर आहे.

त्या लाजेतून मी वाचायला आणि फिरायला लागलो. आज त्यातलंच थोडं सांगणार आहे. आधी त्या राजाबद्दल.

बख्त बुलंद शाह हा देवगडचा गोंड राजा. देवगड म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातलं. गादीच्या भांडणात मदत मागायला तो औरंगजेबाच्या दरबारी गेला, तिथे त्याने इस्लाम स्वीकारला आणि त्याला 'बख्त बुलंद', म्हणजे उंच नशिबाचा, हे नाव मिळालं. पुढे त्याने नाग नदीकाठची बारा खेडी जोडून शहर वसवलं. साल १७०२ सांगतात. त्याच्याबद्दल एकोणिसाव्या शतकातले इंग्रज अधिकारीही लिहून गेले आहेत की, कारभारासाठी त्याने हिंदू आणि मुसलमान असा भेद न करता लायक माणसं नेमली आणि बाहेरून कष्टाळू लोक आणून वसवले.

हे वाचून मी काय केलं असेल? तुम्ही ओळखलंच असेल. व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस टाकलं: 'नागपूर मुसलमान राजाने वसवलं.' खाली दोन झेंडे आणि एक तलवार. दुपारपर्यंत मोमिनपुऱ्यातून पन्नास लाइक. संध्याकाळी ऑफिसातल्या एका मित्राचा मेसेज आला. तो छिंदवाड्याकडचा, गोंड समाजाचा. त्याने फक्त एवढंच लिहिलं होतं: "भाऊ, तो आधी आमचा राजा आहे. तुम्हाला आजच आठवला का?"

मी स्टेटस काढून टाकलं. खरं सांगतो, त्या दिवशी मी इतिहास वाचत नव्हतो. मी वादात फेकायला दगड शोधत होतो.

पुढे आणखी वाचलं तर एक गोष्ट सापडली. हाच बख्त बुलंद औरंगजेबाच्या अखेरच्या काळात मुघलांविरुद्ध उठला आणि त्याने मुघल मुलूख लुटला. बादशहा इतका चिडला की त्याचं नाव बदलून 'निगूं-बख्त', म्हणजे उलट्या नशिबाचा, असं लिहायचा हुकूम काढला. आता याला कुठल्या खान्यात टाकाल? धर्म बादशहाचा, जात गोंडाची आणि तलवार बादशहाविरुद्ध. आजच्या आपल्या भांडणाला हा माणूस कुठूनच सोयीचा नाही. म्हणूनच मला तो आवडायला लागला.

आता चला महालात. बख्त बुलंदनंतर चांद सुलतान आला. त्याने राजधानी नागपूरला आणली आणि शहराभोवती तट बांधला. त्याच्याच काळातला तो तलाव, जुम्मा तलाव. जुम्मा म्हणजे शुक्रवार, म्हणून लोक शुक्रवारी तलाव म्हणू लागले. पुढे त्याला गांधीसागर नाव मिळालं. पाणी तेच, नावं तीन. तटाच्या जुम्मा दरवाजाचंही तसंच झालं. आज आपण त्याला गांधी गेट म्हणतो. या नावांवरून मला कुणाशी भांडायचं नाही. गांधीजींचं नाव आपल्या दरवाजाला आहे, याहून चांगलं काय असणार! पण 'शुक्रवारी'च्या खाली 'जुम्मा' आहे, हे मोमिनपुऱ्यातल्या मुलाला माहीत हवं आणि महालातल्या मुलालाही.

या गेटचं नाव काढल्यावर तुमच्यातल्या काहींचे चेहरे बदलले. मला माहीत आहे तुम्हाला काय आठवलं. १७ मार्च २०२५. खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून राज्यभर वाद पेटला होता आणि त्या संध्याकाळी महालात हिंसाचार झाला. नंतर शहराच्या बऱ्याच भागांत संचारबंदी लागली. कोण दोषी, कोण निर्दोष हे ठरवायला न्यायालयं आहेत, मी ते इथे ठरवणार नाही. मला सांगायचं आहे ते माझ्या घरातलं.

माझी भाची नववीत होती. संचारबंदी उठली, शाळा सुरू झाल्या. शाळेच्या कार्यक्रमासाठी तिला लेस आणि टिकल्या हव्या होत्या, त्या नेहमी महालातून यायच्या. आपा म्हणाली, "ऑनलाइन मागव." भाची म्हणाली, "हो, तिकडे कशाला जायचं? ते त्यांचं आहे." तिने ते रागाने म्हटलं नाही. आज पाऊस आहे, छत्री घे, इतक्या सहज म्हटलं. मला त्याचीच भीती वाटली. तीनशे वर्षांच्या शहराचा मधला भाग एका चौदा वर्षांच्या मुलीने एका वाक्यात सोडून दिला, आणि घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत एका रविवारी सकाळी मी तिला म्हटलं, चल. आपा दारात उभी राहून म्हणाली, "भाई, सांभाळून." आम्ही तलावापासून पायी निघालो आणि गेटपर्यंत आलो. भाचीने वही आणली होती, दरवाजाचं चित्र काढत होती. बाजूच्या दुकानाचं शटर वर करणारे एक म्हातारे काका थांबून बघायला लागले. माझ्या पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू.

ते म्हणाले, "काय लिहून राहिली बाप्पा तू?"

भाची म्हणाली, "काका, याचं जुनं नाव जुम्मा दरवाजा आहे ना?"

काका हसले. "माझी आजी मरेपर्यंत जुम्मा दरवाजाच म्हणे. तिले कोण सांगन गांधी गेट?" मग त्यांनी आम्हाला आत स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि कुठल्या बोळातून गेलं की कोणता वाडा लागतो ते अर्धा तास सांगितलं. निघताना माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तेव्हापासून तुमच्याकडचं गिऱ्हाईक कमी झालं. या म्हणा त्यांना."

म्हणजे भीती दोन्ही बाजूंना होती आणि नुकसानही. त्या चहाने नागपूरचा प्रश्न सुटला असं मी म्हणत नाही. पण टिकल्या आम्ही तिथूनच घेतल्या.

आता सीताबर्डीचा किल्ला. तो लष्कराच्या ताब्यात आहे, म्हणून प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन अशा मोजक्याच दिवशी लोकांना उघडतात. रांग मोठी असते, सकाळी लवकर जा. नोव्हेंबर १८१७ मध्ये याच टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली. भोसल्यांच्या बाजूने सगळ्यात चिवटपणे लढले ते त्यांच्या पदरचे अरब सैनिक. पुढे डिसेंबरात भोसल्यांची फौज मोडली तरी हे अरब नागपूर शहर सोडायला तयार नव्हते. आणि टेकडीवर इंग्रजांच्या बाजूने कोण होतं? बहुतेक आपलेच हिंदुस्थानी शिपाई, त्यांत हिंदूही आणि मुसलमानही. मराठा राजा, अरब सैनिक आणि इंग्रजांचे देशी शिपाई. यात 'आपण' कोण आणि 'ते' कोण, सांगा बरं.

चाळीस वर्षांनी, जून १८५७ मध्ये, टाकळीच्या छावणीतल्या घोडदळाने उठावाचा बेत केला. शहरातले काही मुसलमानही त्यात होते. बेत फसला आणि घोडदळाच्या पुढाऱ्यांबरोबर शहरातल्या प्रमुख मुसलमानांनाही किल्ल्याच्या तटावर फाशी दिली गेली. त्याच वेळी भोसल्यांच्या घराण्यातल्या वयोवृद्ध बाकाबाईंनी आपलं वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकलं. हे ऐकून लगेच कुणाला देशभक्त आणि कुणाला गद्दार ठरवू नका. त्याच काळात दुसऱ्या ठिकाणी नेमकं उलटंही घडलेलं सापडेल. त्या तटावर उभं राहून खाली शहराकडे पाहा आणि फाशी गेलेल्यांची आठवण काढा. एवढं पुरे आहे.

भोसले घराण्याचाच दुसरा धागा सक्करदऱ्याला सापडतो. ताजुद्दीन बाबांचा जन्म १८६१ चा, कामठीचा. ते लष्करी कुटुंबातले, स्वतःही फौजेत होते. १८९२ मध्ये त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं गेलं. तिथे ते सोळा वर्षं होते. १९०८ मध्ये त्यांना तिथून सोडवून आपल्या सक्करदऱ्याच्या राजवाड्यात नेलं ते राजे रघुजीराव भोसल्यांनी. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबा गेले. उमरेड रोडवरच्या ताजाबादला आजही हिंदू-मुसलमान दोघेही जातात. चमत्कारांच्या गोष्टींवर ज्याने त्याने आपापलं मत ठेवावं. माझं लक्ष दुसरीकडे जातं. ज्याला लोकांनी वेडा म्हणून कोंडलं होतं, अशा परधर्माच्या माणसाला एका राजाने घरी आणून ठेवलं. त्यासाठी त्याला कुठलाही कायदा भाग पाडत नव्हता.

आणि कायद्याचीच गोष्ट निघाली तर सिव्हिल लाइन्समधलं हायकोर्ट पाहा. न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले. पुढे केंब्रिजला जाऊन आले आणि १९३० मध्ये इथेच वकिलीला लागले. १९५४ मध्ये ते नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि १९६८ मध्ये भारताचे सरन्यायाधीश. त्या पदावर बसलेले ते पहिले मुसलमान. माझ्या कॉलेजला जायचा रस्ता या इमारतीसमोरून होता. चार वर्षांत मला हे एकानेही सांगितलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही.

दीक्षाभूमीला तर जायलाच हवं. तिथे 'आपलं' काय आहे, असं मला एका चुलतभावाने विचारलं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो माणसांसह बौद्ध धम्म स्वीकारला, तो याच शहरात. माणूस आपला धर्म आपल्या विचाराने निवडू शकतो, हा हक्क आपल्याही घटनेतला आहे, आपल्याही कामाचा आहे. इंदोऱ्यातला माझा मित्र मला तिथे पहिल्यांदा घेऊन गेला. त्या मोठ्या स्तूपाच्या आत इतकी शांतता होती की मला चपलेशिवाय चालणाऱ्या पावलांचा आवाज येत होता. दुसऱ्या वर्षी ईदला तो आमच्याकडे शीरखुर्मा प्यायला आला तेव्हा अब्बांना म्हणाला, "काका, आता मला मोमिनपुरा दाखवा." अब्बा गोंधळले. मोमिनपुऱ्यात दाखवण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटलं.

मग त्यांना आठवलं. माझ्या पणजोबांनी उत्तरेकडून येऊन इथे हातमाग टाकला. दादाजींनी आयुष्यभर लुगडी विणली. ती लुगडी कोण नेसायचं? महालातल्या, इतवारीतल्या, खेड्यापाड्यातल्या मराठी आज्या. अब्बा त्या मित्राला म्हणाले, "बेटा, तुझ्या आजीनेही कदाचित आमच्या अब्बांचं लुगडं नेसलं असेल." मग ते त्याला बोळाबोळांतून फिरवत राहिले. इथे माग होते, इथे सूत रंगवायचे. १८७७ मध्ये जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल इथून हाकेच्या अंतरावर सुरू झाली. आज तिथे मॉल आहे. हा तोच मॉल, जिथे मी माझ्या पुण्याच्या मित्राला 'माझं शहर' म्हणून नेलं होतं. गिरणीच्या जागेवर उभा होतो आणि मला गिरणी दिसली नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्हाला सगळ्यांना कधी ना कधी कुणीतरी विचारलं असेल, "तुम्ही मूळचे कुठले?" तुम्ही म्हणता, नागपूर. समोरचा म्हणतो, "नाही, मूळचे?" विचारणारा नेहमी वाईट नसतो, पण प्रश्न टोचतो. या शहराचा हिशोब मांडला तर काय दिसतं? भोसले साताऱ्याकडून आले. टाटा मुंबईहून आले. विणकर कुठून कुठून आले, मोमिन आणि कोष्टी दोघेही. इंग्रजांचं तर सांगायलाच नको. यातल्या कुणाहीपेक्षा जुने इथले गोंड, आणि मूळचेपणाच्या भांडणात त्यांना कुणी विचारतच नाही. मग 'आम्ही पहिले' या शर्यतीत आपण कशाला उतरायचं?

आमच्या धंद्यात एखादी जुनी फाइल समजेना की आम्ही प्रत्येक ओळ कोणी, कधी लिहिली ते काढून बघतो. त्या आज्ञेचं नावच 'ब्लेम' आहे, पण शहाणा इंजिनीअर ती दोष द्यायला वापरत नाही. ही ओळ इथे का आहे, हे कळावं म्हणून वापरतो. कारण न समजता ओळ पुसली की सगळं कोसळतं. शहराकडेही मी आता तसंच बघतो.

म्हणून एवढंच सांगणं आहे. शहर पाहायला निघा, पण पुरावे गोळा करायला निघू नका. आपली इमारत कोणती, त्यांची कोणती, याची यादी करू नका. ज्या ठिकाणी आपलं नाव नाही तिथे आधी जा. एकट्याने जाऊ नका आणि फक्त आपल्याच मोहल्ल्यातल्यांना घेऊन जाऊ नका. बरोबर एक मित्र दुसऱ्या वस्तीतला असू द्या. बहिणींना घरी ठेवून जाऊ नका, शहर त्यांचंही आहे. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून घ्या, कारण अब्बांकडचं मोमिनपुऱ्याचं ज्ञान कुठल्याच नकाशात नाही.

आणि ऐकलेलं तपासून घ्या. झिरो माइलचंच बघा. तो दगड म्हणजे भारताचा मध्यबिंदू, असं आपण पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. प्रत्यक्षात तो सर्व्हे खात्याचा १९०७ सालचा खांब आहे आणि त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची दिली आहे, १०२०.१७१ फूट. एका दगडाबद्दल आपण इतकं सांगोवांगी बोलतो, तर माणसांबद्दल किती बोलत असू?

गेल्या महिन्यात भाचीच्या वर्गात नवी मुलगी आली. तिने भाचीला विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" भाची म्हणाली, "नागपूर. रविवारी ये, दाखवते." त्या मुलीला घेऊन ती तलावापासून गेटपर्यंत चालत गेली आणि काकांच्या दुकानासमोरही थांबली. यावेळी मला बरोबर नेलं नाही. म्हणाली, "मामू, तुम्ही फार बोलता."

तिचं बरोबर आहे, म्हणून थांबतो. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी गांधी गेटपाशी उभा असेन. ज्यांचे हात मघाशी खाली होते, त्यांनी जरूर यावं. येताना एकाला बरोबर आणा, दुसऱ्या वस्तीतल्याला. चहा माझ्याकडून.

जय हिंद, जय संविधान.